दसऱ्याआधीचं ऑइल

लाल दिवा पहिल्यांदा मिचकावला तेव्हा रुपालीला वाटलं, काचेवर चिखलाचा थेंब उडाला असेल. साडीवर चढवलेल्या नवऱ्याच्या जुन्या शर्टाच्या बाहीनं तिनं काच पुसली. दिवा पुन्हा मिचकावला.

ट्रॅक्टर धानाच्या बांधीच्या कोपऱ्यात वळत होता. लोखंडी चाकं चिखलात गुडघाभर रुतत होती आणि मागचा रोटाव्हेटर माती घुसळून तिची लापशी करत होता. तिनं वेग वाढवला, दिवा विझला. वेग कमी केला, दिवा लागला. बोनटखालून टकटक असा कोरडा आवाज येत होता, सुपारी फोडल्यासारखा. तो आवाज काल नव्हता. तिनं आणखी एकदा वेग खाली आणून खात्री करून घेतली आणि इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन उभ्या असलेल्या बायांचं बोलणं तेवढं ऐकू येऊ लागलं. वेलटोल्यात यंदा पाऊस उशिरा आला होता आणि आला तो सगळीकडे एकदमच. सगळ्यांच्या बांध्या एकाच वेळी भरल्या, सगळ्यांचे पऱ्हे एकाच वेळी रोवायला आले. पऱ्हे उंच होऊन पिवळे पडायला लागले होते, आणि चिखलणीला गावात ट्रॅक्टर एकच.

तो बायांच्या गटाचा होता. कागदोपत्री तरी. तलावात मासे पाळणाऱ्या आणि रोवण्याची, धानाच्या लावणीची, टोळी चालवणाऱ्या बायांचा हा गट. सरकारी योजनेतून ट्रॅक्टर मिळाला तेव्हा अट अशी होती की चालवणारी बाई गटातलीच हवी, म्हणून रुपाली शिकून आली. गटाची अध्यक्ष कुंता. पण चाबी कुंताच्या नवऱ्याच्या, बापूरावच्या, खिशात राहायची. डिझेल तोच आणायचा, आज कोणाची बांधी आणि उद्या कोणाची हेही तोच ठरवायचा. आज त्याची स्वतःची होती.

तो छत्री धरून धुऱ्यानं आला. काय झालं म्हणून विचारलं.

"दिवा लागून राह्यला भाऊ. ऑइल बदलवा लागते."

बापूरावनं पॅन्ट वर खोचली, चिखलातून चालत ट्रॅक्टरपाशी आला आणि ऑइल मोजायची पट्टी स्वतः उपसून काढली. पट्टी त्यानं धुऱ्यावरच्या बायांकडे उंच धरली.

"पाहा. वरच्या खुणेच्याबी वर हाय. आपला ट्रॅक्टर ऑइल पेतच नाई. त्या दुसऱ्या टोल्यातल्या हरिदासचा पाहा, डबेच्या डबे पेते."

हे तो आठ दिवसांपासून चहाच्या टपरीवर सांगत होता आणि लोकांनाही कौतुक वाटत होतं. ऑइल न पिणारा ट्रॅक्टर म्हणजे कमी चाऱ्यात दूध देणारी म्हैस.

"पेत नाई तं चांगलं हाय," रुपाली म्हणाली. "पण वाढते कसं? टाकलं तं कोणी नाई."

तिनं पट्टीचं टोक दोन बोटांत धरलं आणि बोटं चोळून त्याच्यापुढे केली. ऑइल काळं नव्हतं. दूध जास्त झालेल्या चहासारखं होतं, आणि बोटांना बुळबुळीत लागायला हवं तिथं नुसतं ओलं लागत होतं.

आठ दिवसांपूर्वी तलावाखालच्या खोल बांधीत ट्रॅक्टर पोटापर्यंत फसला होता. ती बांधी नको, तिचा तळ लागत नाही, असं ती म्हणत होती. बापूरावनं घाल म्हटलं. रात्रभर ट्रॅक्टर पाण्यात उभा राहिला, वरून पाऊस. सकाळी दोन बैलजोड्या लावून काढला आणि तसाच कामाला जुंपला.

"पाणी शिरलं भाऊ. त्या राती."

"सर्द झालं असन. पावसाची हवा हाय." त्यानं पट्टी परत खुपसली. "ऑइल दसऱ्याले बदलते. दरवर्षी दसऱ्यालेच बदलते."

वेलटोल्यात आणि आजूबाजूच्या वाड्या-टोल्यांवरही तशीच रीत होती. दसऱ्याला ट्रॅक्टर धुवायचा, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा आणि जुनं ऑइल काढून नवं टाकायचं. जुनं काळं ऑइल फेकायचं नाही. घराच्या लाकडी खांबांना ते चोपडलं की उधळी, म्हणजे वाळवी, लागत नाही, म्हणून त्या दिवशी बाया डबे घेऊन बापूरावच्या अंगणात बसत. कोणाला डबाभर, कोणाला वाटीभर, ते तो ओसरीवरून ठरवायचा. कोणाशी काही बिनसलं असेल तर त्या घरचा डबा रिकामाच परत जायचा.

रुपालीनं सांगून पाहिलं. शिकवलं तिथं तासांचा हिशेब सांगितला होता. अडीचशे तास, तेही सुक्या, स्वच्छ कामाचे. चिखलात, पाण्यात, धुळीत त्याच्या निम्म्यावरच बदलायचं. आणि पाणी शिरलं तर तासच पाहायचे नाहीत, त्याच दिवशी काढायचं. उन्हाळाभर यानं मुरूम वाहिला, मग नांगरणी, आणि आता हे.

"तास कोण मोजते? मीटर तं बंद हाय."

"मीटर बंद झालं म्हून इंजिन थकत नाई का भाऊ?"

धुऱ्यावर कोणीतरी फिसकन हसलं. बापूरावच्या मानेची शीर वर आली. पण आवाज त्यानं खालीच ठेवला, समजूत काढावी तसा.

"तुले भेव वाटून राह्यलं असन तं सांग. बाईच्या जातीले भेव वाटते, त्यात काई लाज नाई. उद्या हेमराजले बोलावतो. तो चालवन."

यावर मात्र बऱ्याच जणी हसल्या. रुखमा हसली नाही. ती कपाळाला आठ्या घालून रुपालीकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशीची पाळी रुखमाची होती. नवरा रामाजी बांधकामावर गेलेला, पऱ्हे सगळ्यात आधी टाकलेले, म्हणून सगळ्यात जास्त पिवळे तिचेच.

"माहे पऱ्हे मरून राह्यले," ती म्हणाली, "अन् तुले ऑइल सुचते व्हय?"

बापूरावचं बोलणं रुपाली सोसून गेली होती. हे लागलं. ती खाली उतरली. बापूरावनं चाबी काढली, खिशात टाकली. अर्धी बांधी तशीच राहिली.

लोखंडी चाकं लावलेला ट्रॅक्टर रस्त्यानं घरी नेत नाहीत. तो तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली उभा करून ठेवतात. बापूरावनंच तो तिथवर आणला. तेवढ्या वाटेतही ते टकटक रुपालीला मागून ऐकू येत राहिलं.

संध्याकाळी धनराज, तिचा नवरा, मासे धरायची होडी, डोंगा, काठाला बांधून आला आणि जेवायला बसला. बातमी त्याला टपरीवरच कळली होती, आणि कोणत्या शब्दांत कळली असेल ते तिला माहीत होतं. बायको ट्रॅक्टरवर आणि नवरा डोंग्यात, असं म्हणायला त्याच्या सोबत्यांना कारण लागत नसे. त्याचा बाप, डोमा, चुलीजवळ उकिडवा बसून माशाचे काटे काढत होता.

"सोडून दे ना," धनराज शेवटी म्हणाला. "चालव म्हणतात तं चालव. इंजिन बसलं तं त्याईचं बसन."

"त्याईचं कसं? नाल्यापलीकडच्या गावात काय झालं, ठाऊक नाई का?"

त्याला ठाऊक होतं. तिथंही बायांचा ट्रॅक्टर होता, तिथंही एक बाई चालवत होती. इंजिन बसलं. रेडिएटर फुटलेलं होतं, पाणी गळत होतं, ते तिनं चारदा सांगितलं होतं. पण लोकांनी एवढंच लक्षात ठेवलं की बाईच्या हातून बसलं. आता त्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त होऊन फिरतो, आणि बाया त्याच्या ट्रॉलीत बसून दुसऱ्यांच्या रोवण्याला जातात.

"उद्या हेमराज बसला अन् परवा इंजिन बसलं, तरी नाव माहंच येईन," रुपाली म्हणाली. "बाईनं खराब करून ठेवला होता म्हणतीन. मंग माह्यानंतर कोणती बाई चाकाले हात लावन? आपली पोरगी लावन?"

त्यांची रोशनी आजीच्या जुन्या गोधडीवर झोपली होती, एक पाय भिंतीला टेकवून.

"नाई तं नाई म्हण. बसू नको त्याच्यावर," धनराज म्हणाला.

"मी नाई बसली तं हेमराज बसन. तेच सांगून राह्यली ना मी."

डोमानं काटे केळीच्या पानाच्या कडेला सारले. "डोंग्यात पाणी शिरलं तं आपण उपसतो," तो म्हणाला. "पंचांग पाहत बसतो का?"

धनराज उठून हात धुवायला बाहेर गेला. थोड्या वेळानं आला तो कोनाड्यात काहीतरी शोधत राहिला. सकाळी रुपाली उठली तेव्हा चुलीच्या ओट्यावर पाना ठेवलेला होता. गंज खरवडून काढलेला, तेलाचा हात फिरवलेला.

पाळीवर ती पोहोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. तलावावर धुकं होतं आणि मोहाच्या पानांवरून रात्रीचा पाऊस ठिबकत होता. चाबी बापूरावकडे होती. पण ऑइल काढायला चाबी लागत नाही, पाना लागतो.

एरवी ऑइल गरम असताना काढावं, पातळ होऊन सगळं निघतं. पण तिला आज ते थंडच हवं होतं. रात्रभर ट्रॅक्टर हलला नव्हता. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसलं असणार. तिनं पोतं अंथरलं, उताणी झाली आणि इंजिनच्या पोटाखाली सरकली. पाठीखाली चिखल पोत्यातून वर आला. तळाचा नट चिखलानं लिंपला होता. बोटांनी तिनं तो कोरून काढला, पाना बसवला, जोर लावला. नट हलला नाही. पाना सटकला आणि बोटांची सालटं गेली. तिनं पाय चाकाला रोवले, दोन्ही हातांनी पाना धरला आणि अंगाचं सगळं वजन त्यावर टाकलं. मानेत कळ गेली तेव्हा नट कर्रकन फिरला.

घमेलं सरकवायला तिला क्षणभर उशीर झाला. पहिली धार तिच्या मनगटावर पडली. ती पाण्याची होती. गढूळ, थंड, तलावाच्या पाण्यासारखी.

"हे का व्हय?" बाहेरून आवाज आला. रुखमा होती. पाळी आपली म्हणून सगळ्यांच्या आधी आलेली. ती खाली वाकून पाहत होती.

रुपालीनं घमेलं धारेखाली नीट केलं. पाण्यामागून चहाच्या रंगाचं, फेसाळ असं काही आलं. त्यानंतर कुठं काळी धार लागली, तीही पातळ. पहिलं घमेलं काढून तिनं दुसरं लावलं. रुखमानं पहिल्या घमेल्यात बोट बुडवलं, वर काढलं, बोटावरून पाणी ओघळलं. तिनं ते बोट पदराला पुसलं.

"म्हंजे काल चालवला असता तं?"

"तं आज तुही बांधी बैलानं करा लागली असती. अन् पुढच्या साली बी."

रोवण्याच्या बाया एकेक करून येऊ लागल्या. येईल ती वाकून पाहायची आणि पहिल्या घमेल्यात बोट घालायची. मग एकीनं हळूच विचारलं, की हे काळं काढलं ते आता कुठं ओतणार? तिच्या ओसरीच्या खांबाला उधळी लागली होती. दसऱ्याला तिचा डबा दोन वर्षं रिकामा परत आला होता.

रुपाली पोटाखालून बाहेर आली. केसांत चिखल, हात कोपरापर्यंत काळे.

"आणा डबे," ती म्हणाली. "लवकर आणा."

बाया धावल्या. गोडेतेलाचे डबे, फुटकी वाटी, दुधाची किटली, जे हाती लागेल ते घेऊन आल्या. रुपालीनं सगळ्यांना सारखं ओतलं. ती कोणाला ओसरीवरून पाहत नव्हती. जी पुढे येईल तिच्या डब्यात धार. तळाचा नट तिनं पुसून रुमालात बांधला आणि कनवटीला खोचला.

बापूराव आला तेव्हा घमेलं रिकामं होतं. त्यानं बायांचे काळे हात पाहिले, इंजिनच्या पोटाचं उघडं भोक पाहिलं. काय झालं ते कळायला त्याला वेळ लागला.

"कोणाले इचारून काढलं?"

"तुमाले इचारलं होतं भाऊ. काल. सगळ्याईच्या समोर."

"टाक ते परत. सगळ्याईनं डबे आणा इकडे."

डबे पाठीमागे गेले. कोणी जागची हलली नाही. बापूरावनं सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या रुखमापुढे हात केला.

"माह्या खांबाले लावलं बी," रुखमा म्हणाली. तिच्या पदराखालच्या डब्यातून एक काळा थेंब तिच्या पायावर पडला. तिनं तो दुसऱ्या पायानं पुसला.

बापूराव हसला, पण ते हसणं नव्हतं. तिनं काढलं, तर आता तिनंच आणावं, असं तो रुपालीला म्हणाला. नाल्याच्या रपट्यावरून, बुटक्या पुलावरून, पाणी चाललं होतं, गाडी जात नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. आजच्या आज आलं नाही तर गावातल्या सगळ्या पऱ्ह्यांचं खापर तिच्या डोक्यावर. तो हेमराजकडे निरोप पाठवायला निघून गेला.

बायांमध्ये कुंताही होती. नवऱ्याच्या मागून ती घरी गेली आणि तो टपरीवर असेतो परत आली. रुपालीच्या मुठीत तिनं गटाच्या पेटीतले पैसे ठेवले, इकडेतिकडे न पाहता.

"फिल्टर बी आण," ती म्हणाली.

मग धनराज आला. त्याच्या खांद्यावर फाटकं जाळं होतं. तो ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला पाठ टेकून चिखलात बसला, जाळं मांडीवर पसरलं आणि सुतळीनं एकेक घर विणायला लागला. काय करून राहिला म्हणून कोणी विचारलं तर तो म्हणायचा, घरी गळते, इथी कोरडं हाय. मोहाच्या झाडाखाली कोरडं काहीच नव्हतं.

नाल्याचं पाणी लाल झालं होतं आणि त्यातून ओंडके, पाचोळा, कुठलीशी प्लास्टिकची खुर्ची वाहत चालली होती. रुपालीला बसवून डोमानं डोंगा सरळ पलीकडे नेला नाही. काठाकाठानं बराच वर नेला, मग सोडला, आणि पाण्यानं खाली खेचत नेलं तसा तो तिरका पलीकडे लागला. म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताणल्या होत्या. मधोमध असताना तो म्हणाला, "भेव वाटते का वो?"

"वाटते ना मामाजी."

"मले बी वाटते," डोमा म्हणाला आणि बांबू पाण्यात रोवला.

पलीकडून तिला एक प्रवासी गाडी मिळाली. तालुक्याच्या गावी, अहेरीला, दुकानदारानं तिचे पाय पाहिले, शर्ट पाहिला आणि कोणी पाठवलं ते विचारलं. मेकॅनिकचा नंबर दे, त्याच्याशी बोलतो, म्हणाला. मेकॅनिक नाही, मीच चालवते, असं तिनं सांगितलं. त्यानं मागच्या माणसाकडे पाहून भुवई उडवली आणि खालच्या पिंपातून सुटं ऑइल काढायला लागला. चिखलणीलाच हवं ना, हे चालते, सगळे नेतात.

रुपालीनं एक थेंब बोटावर घेतला, वास घेतला. करपलेला वास होता. वापरलेलं गाळून परत भरलेलं.

"हे मी सकाळी फुकट वाटलं," ती म्हणाली. "सीलबंद द्या. पंधरा चाळीस नंबरचं. अन् माप पाहून फिल्टर द्या, त्याचं रबर काढून दाखवा."

त्यानं रबर काढून दाखवलं. ते तडकलेलं होतं. दुसरं काढलं. ते तिनं नखानं दाबून पाहिलं आणि घेतलं. गाडीत डबा पायात ठेवायला ड्रायव्हर नको म्हणाला, म्हणून ती पूर्ण रस्ता तो मांडीवर घेऊन आली. काठावर उतरली तेव्हा मांड्यांत मुंग्या भरल्या होत्या. परतीच्या डोंग्यात पाणी चढलं होतं. एका हातानं तिनं डबा धरला आणि दुसऱ्या हातानं टिनाच्या डबड्यानं पाणी उपसत राहिली. काठाला लागल्यावर डोमा तिथंच आडवा झाला.

पाळीवर गर्दी होती. ट्रॅक्टरच्या सीटवर हेमराज बसला होता. शेजारच्या टोल्यातला हा पोरगेला माणूस, डोक्याला टॉवेल बांधलेला, हात चाकावर. चाबी लावलेली होती. खाली धनराज अजून चाकाला टेकून बसला होता, आणि त्याला न चिरडता ट्रॅक्टर पुढे जाणं शक्य नव्हतं.

बापूरावनं तिला दुरूनच पाहिलं.

"आणलं ना? बेस झालं. डबा हेमराजपाशी दे, नट दे, अन् घरी जा. दमली असशीन."

रुपालीनं डबा खाली ठेवला आणि त्यावर बसली. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. 

"ऑइल मी टाकीन," ती म्हणाली. "अन् चालवीन बी मीच."

"तुह्या बापाचा हाय का ट्रॅक्टर?"

"माह्या बापाचा नाई. नवऱ्याचा नाई. तुमचा बी नाई."

बापूराव एक पाऊल पुढे आला. धनराजनं जाळं मांडीवरून बाजूला केलं, पण उठला नाही. तेवढ्यात खालच्या धुऱ्याजवळ पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. रुखमानं डोक्यावरची पऱ्ह्याची पेंढी पाण्यात टाकली होती. ती त्या धुऱ्यावर फतकल मारून बसली.

"हेमराज चिखलणी करन," ती म्हणाली, "तं रोवणा बी त्यानंच करावा. मी नाई वाकत."

"तुह्या बांधीची पाळी हाय रुखमा. तुहे पऱ्हे चालले," बापूराव म्हणाला.

"चालले तं जाऊ द्या. माहे हायत."

दुसरी बसली. मग उधळीच्या खांबवाली. मग सगळ्याच, एकीच्या मागून एक, पेंढ्या पाण्यात टाकून. कोणी तंबाखू काढला. रोवणा बापूरावला येत नव्हता, गावातल्या एकाही बाप्याला येत नव्हता. दिवसभर कमरेतून वाकून उलट चालत जायचं ते काम बायांचंच, असं त्यांनीच ठरवून ठेवलेलं होतं. चिखल कितीही छान झाला तरी या बाया उठल्या नाहीत तर त्यात बेडूकच राहणार होते.

कुंता तेवढी उभी होती. बापूरावनं तिच्याकडे पाहिलं, आता ही सांगेल त्यांना, अशा नजरेनं. कुंतानं हातातली पेंढी नीट धुऱ्यावर ठेवली, मुळं पाण्यात राहतील अशी. मग साडी आवरून तीही रुखमाशेजारी बसली.

"गटाच्या पैशाले सही माही लागते," ती नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकूही आला नसेल. "हेमराजले ठेवाचं असन तं मी सही नाई करत."

हेमराज सीटवर चुळबुळला. त्यानं बापूरावकडे पाहिलं, बायांच्या रांगेकडे पाहिलं, चाकाखालच्या धनराजकडे पाहिलं.

"भाऊ, तुमी मले सांगितलं ड्रायव्हर पळाली म्हून," तो म्हणाला. "हे तं सगळं गाव इथीच बसून हाय." तो उतरला. चाबी काढून त्यानं क्षणभर हातात घोळवली आणि कुंताला नेऊन दिली. कुंतानं ती न पाहताच रुपालीकडे दिली. मग हेमराज तिथंच उभा राहिला. जायचं सोडून पाहत.

रुपालीनं घाई केली नाही. तिनं नट बसवला, थोडंसंच ऑइल ओतलं, इंजिन न लावता ते आत फिरून तळाला येऊ दिलं आणि पुन्हा नट उघडून काढून टाकलं. त्यात अजून धुक्यासारखा पांढुरका अंश होता. तिनं पुन्हा तसंच केलं. या वेळी ते स्वच्छ आलं. जुना फिल्टर फिरवून काढला. तो पाण्यात भिजलेल्या पावासारखा झाला होता. नव्याच्या रबराला तिनं बोटानं ऑइल लावलं, हातानंच आवळला. मग डबा उचलून धार सोडली. ऑइल मधासारखं, सोनेरी, सावकाश आत गेलं. बापूराव छत्रीखाली उभा होता. त्याचं पऱ्हं धुऱ्यावर होतं, त्याची बांधी अर्धी होती, आणि वर ढग भरून येत होते.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"नाई."

तिनं इंजिन लावलं. लाल दिवा लागला, एक क्षण राहिला आणि विझला. तिनं वेग कमी केला, अगदी खाली आणला. दिवा विझलेलाच राहिला. टकटक सुरुवातीला थोडी होती, मग ती मऊ होत होत इंजिनच्या आवाजात मिसळून गेली. एवढं झाल्यावर तिनं इंजिन बंद केलं. बायांमधून हळहळ उठली. तिनं खाली उतरून ऑइल तळाला बसू दिलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. पट्टी वरच्या खुणेला बरोबर टेकली होती. पुढं भर घालायला लागेल म्हणून उरलेल्या ऑइलचा डबा तिनं कुंताच्या हातात दिला.

धनराज उठला. त्याच्या पाठीवर चाकाच्या लोखंडी पात्यांचे वळ उमटले होते. जाळं खांद्यावर टाकून तो बापाला पाहायला नाल्याकडे गेला.

पाळी रुखमाची होती, पण बापूरावची अर्धी बांधी वाटेत होती, आणि ती सोडून पुढं गेलं असतं तर पाळी मोडली असती. रुपालीनं रुखमाकडे पाहिलं. रुखमानं हातानं खूण केली, घे आधी ती. ट्रॅक्टर पाळीवरून खाली उतरला आणि लोखंडी चाकं पाण्यात शिरली. बाया उठल्या, पेंढ्या उचलल्या, साड्या गुडघ्यांवर खोचल्या.

बापूराव त्याच्या बांधीच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला होता, रोजच्याच जागी, हात दाखवून कुठून वळायचं ते सांगायला. रुपालीनं रोटाव्हेटर खाली सोडला. पाती पाण्याला लागली तशी तिनं मान वळवली.

"बाजूले व्हा भाऊ," ती म्हणाली. "चिखल उडते."

तो तिथंच उभा राहिला. तिनं वेग कमी केला नाही. रोटाव्हेटर घुमला, लाल चिखलाची चादर उठली, आणि बापूराव छत्री आडवी धरत धुऱ्यावरून मागं मागं सरकत गेला.